अकरा मिनिटांची नाडी

११ फेब्रुवारी

ठमे,

आईचा फोन आला होता. परवा तू ऑपरेशनच्या अर्धा तास आधी दवाखान्यातून उठून चालती झालीस म्हणे. मनगटात सुई तशीच, अंगावर तो मागून नाड्या बांधायचा झगा, वरून स्वेटर आणि पायात नवऱ्याच्या चपला. टॅक्सीवाल्याने चकार शब्द काढला नाही, हे आई मला दोनदा सांगत होती. जणू त्यात तू फार मोठी लढाई मारलीस.

चौदा महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. मीही बोलले नाही. तुझी मनधरणी करायला मला वेळ नाही आणि हौसही नाही. पण आता प्रश्न रुसव्याफुगव्यांचा राहिलेला नाही. अंडाशयावर संत्र्याएवढी गाठ आहे. आईने रिपोर्टांचे फोटो पाठवले, निम्मे उलटे, एकावर तिचा अंगठा. तरी मला कळायचं ते कळलं. आमच्याकडच्या दोघांना दाखवले. दोघंही म्हणाले, महिन्याच्या आत काढा, ती कसली आहे ते त्यानंतरच कळेल. त्या महिन्यातला एक आठवडा तर गेलासुद्धा.

तुझं म्हणणं काय, तर ‘मला भूल चढत नाही.’ हे तू तिथे सगळ्यांसमोर म्हणालीस. वर म्हणालीस, ‘हवं तर माझ्या बहिणीला विचारा, ती भूल देणारीच आहे, तिनेच दिली होती मागच्या वेळी.’ आभारी आहे. वीस वर्षांत मी हजारो माणसं झोपवली आणि उठवली. घरी जाताना सगळे सर्जनला फुलं देतात, आम्ही म्हणजे ‘त्या इंजेक्शनवाल्या बाई’. कुणी कधी नाव विचारलं नाही. निघालं एकदाचं तेव्हा हे असं निघालं.

तर पुन्हा एकदा लिहून देते, जपून ठेव. तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला सगळी औषधं वजनाप्रमाणे, वेळच्या वेळी, पूर्ण दिली होती. चार्ट आहे. दर पाच मिनिटांनी नाडी लिहिलेली आहे: अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. ज्याला कापताना कळतं त्याची नाडी अशी नसते. तुला जे आठवतं ते शुद्धीवर येतानाचं स्वप्न. पुष्कळांना पडतं. ते चहा पितात आणि विसरून जातात.

नवऱ्याला सांग, नवीन तारीख घ्या.

ताई


१६ फेब्रुवारी

ठमे,

तुझ्या नवऱ्याचं पत्र मिळालं. दीड पानात चार वेळा ‘ताई, तुम्ही रागावू नका’. सज्जन माणूस आहे, तुला कसा काय मिळाला कोण जाणे. तो लिहितो, तू माझं पाकीट उघडलं नाहीस, म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं आणि तू पाठ करून भांडी आपटत राहिलीस. म्हणजे ऐकलंस. आणि शेवटी म्हणालीस:

‘तिला विचारा, सगळं बरोबर दिलं होतं ना? मग मी जागी कशी राहिले? म्हणजे खोट माझ्यातच आहे. माझा मेंदू झोपतच नाही. मग त्या टेबलावर मी पुन्हा कशाला जाऊ? मरायचंच असेल तर निदान हात हलवता येत असताना मरेन.’

वकील व्हायला हवी होतीस. कापडगिरणीत उगाच वाया गेलीस.

आता ती भांडी खाली ठेव आणि नीट ऐक. भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्याला टाचणी टोचली तर तो उठतो. भूल दिलेल्या माणसाच्या बोटाला नुसता कुंचला फिरवला, तरी मेंदूत स्पर्शाची जी पहिली जागा आहे तिथे तो निरोप पोचतो. तारा लावून बघितलं तर यंत्रावर दिसतो. कापलं तरी पोचतो. भुलीने तुटतं ते त्याच्या पुढचं. त्या जागेने बाकीच्या मेंदूला कळवायचं आणि सगळ्यांनी मिळून ‘हे मला होतंय’ असं म्हणायचं, ते बंद पडतं. पत्र दारात येऊन पडतं, पण घरात उघडणारं कुणी नसतं. दुखणं सुरीत नसतं आणि कातडीतही नसतं, ते उघडणाऱ्याकडे असतं. खालची मंडळी, म्हणजे पाठीचा कणा, हृदय, ही आपापलं काम करत राहतात. म्हणून गाढ भुलीतल्या माणसाचीही नाडी कधी उसळते, डोळ्यांतून पाणी येतं. त्यावरून तो जागा होता असं ठरत नाही.

तेव्हा तुझ्या बाबतीत झालं असेल तर इतकंच. निरोप पोचले असतील. ते वाचायला तू घरात नव्हतीस.

आणि एक लक्षात ठेव. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा आमच्यात न लिहिलेला नियम आहे. तो मी तुझ्यासाठी मोडला. तूच हट्ट धरला होतास. लहानपणी तुझ्या टाचेत बाटलीची काच घुसली होती, आठवतं? आई रडत होती, शेजारच्या बाई देवाचं नाव घेत होत्या, आणि तू पाय माझ्या मांडीवर ठेवून म्हणालीस, ‘ताई आहे ना, मग दुखणार नाही.’ मी केसांच्या आकड्याने काच काढली. तुला दुखलं नाही. निदान तू तसं म्हणालीस.

त्या वेळी तुला माझं खरं वाटायचं.

ताई


२० फेब्रुवारी

तर तुला लिहिता येतं. चौदा महिन्यांनी का होईना.

गिरणीतली तपासणीची चिठ्ठी. वर छापलेलं: तागा क्रमांक, पोत, रंग, दोष. पहिले तीन रकाने कोरे सोडून तू ‘दोष’ या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलंस. टोमणा मारायला तुला अख्खा कागदही लागत नाही.

‘ताई, दोन गोष्टी. डोळ्यांतून पाणी आल्याचं मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही, आईलाही नाही. तू कुठून लिहिलंस? दुसरी गोष्ट. ते पाणी कुणीतरी पुसलं. गॉज होता, विरळ विणीचा, चार घड्यांचा, एक कोपरा आत खोचलेला. हात कुणाचा होता?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पुस्तकातून. भूल हलकी झाली की नाडी, रक्तदाब, घाम आणि डोळ्यांतलं पाणी, या चार गोष्टी बघायच्या असं आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतो. मी सर्वसाधारण लिहिलं, तू स्वतःवर ओढून घेतलंस. ती तुझी जुनी सवय आहे.

दुसऱ्याचं: नर्सबाईंचा. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्यांना चिकटपट्टी लावतात, ती सुटली तर पुसून पुन्हा लावतात. रोजचं काम आहे. त्या बाई आता नोकरी सोडून मुलाकडे राहायला गेल्या, पत्ता माझ्याकडे नाही. तेव्हा चौकशा करत बसू नकोस.

मी त्या वेळी आत असेनच असंही नाही. मधे दोन मिनिटं बाहेर गेले होते, आईला धीर द्यायला. ती बाहेरच्या बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती. आई तुझीही आहे, तेव्हा त्याबद्दल काही म्हणणार नाहीस अशी आशा आहे.

तू कापड गालाला लावून त्यातली गाठ सांगतेस, हे मला माहीत आहे. तुमचे साहेब पाहुण्यांना दाखवायला आणतात म्हणे, डोळ्यांवर रुमाल बांधून. पण भुलीतला गाल म्हणजे गिरणीतला गाल नव्हे. चार घड्या आणि खोचलेला कोपरा! इतकं बारीक कुणाला कळतं?

गाठीचं काय करतेस ते कळव. दवाखान्याची तारीख सहा मार्च आहे असं आई म्हणाली. त्यानंतर ते सर्जन महिनाभर नाहीत.

ताई


२३ फेब्रुवारी

आईला साक्षीला काढलंस. शाबास.

आज दुपारी ती माझ्याकडे आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘अगं, धाकटी विचारत होती, त्या दिवशी तू माझ्याजवळ किती वेळ बसली होतीस. मी म्हटलं, बराच वेळ की. तुझा चहा गार झाला म्हणून मी दुसरा आणायला लावला, तोही तू संपवलास. माझी बाई किती धीर देत होती मला! बरोबर सांगितलं ना मी?’

तिने भाबडेपणाने विचारलं. मी तिचा पेला विसळायला उठले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. तिला नाडी कळत नाही की रक्तदाब कळत नाही, पण आपण दोघी कधी खोटं बोलतो ते तिला आपण चार वर्षांच्या असल्यापासून कळतं. पिशवीतला डबा तिने तसाच परत नेला. जाताना दार हळू लावलं.

बरोबर आहे, दोन मिनिटांत दोन चहा होत नाहीत. जास्त वेळ बसले असेन. पण आत मॉनिटर होता, नर्सबाई होत्या, सर्जन होते. एक माणूस बाहेर गेल्याने जग बंद पडत नाही.

आता झालं तुझं समाधान? सत्तर वर्षांच्या बाईला माझ्या समोर असं उभं करून?


२७ फेब्रुवारी

ठमे,

तुझ्या दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या बाईंचा फोन आला. बाई कसली, माझीच विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकली. तेव्हा हात थरथरायचे तिचे, आणि मी सगळ्यांसमोर तिला ‘पानगळ’ म्हणायचे. आज मात्र तिचा आवाज थरथरत नव्हता.

‘मॅडम, तुमच्या बहिणीचा जुना चार्ट मागवून घेतला मी. वाचला.’

‘मग?’

‘फार सरळ आहे, मॅडम.’

‘म्हणजे?’

‘मधली तीन टिपणं. शेजारच्या रांगांत नाडी एकोणऐंशी, चौऱ्याऐंशी, सत्त्याहत्तर अशी आहे, जिवंत माणसाची असते तशी. आणि मधेच अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पट्टीने आखल्यासारखी. शाई पण तीनही ठिकाणी एका दमात लिहिल्यासारखी दिसते. तुम्हीच शिकवलंत, चार्ट आधी डोळ्यांनी बघायचा आणि मग वाचायचा.’

मी म्हटलं, ‘तुला म्हणायचंय काय?’

ती म्हणाली, ‘मला काही म्हणायचं नाही, मला विचारायचंय. पेशंट म्हणतात, मी जागी होते. तुमचा चार्ट म्हणतो, औषध पूर्ण होतं. दोन्ही खरं असेल तर त्यांना नेहमीचं औषध पुरत नाही, मला जास्त द्यावं लागेल. पण मॅडम, त्यांचं रक्त कमी झालंय, रक्तदाब मुळातच खाली आहे. जास्त दिलं तर तो धरेल की नाही, मी सांगू शकत नाही. आणि नेहमीचं दिलं, आणि त्या परत जाग्या राहिल्या, तर? मला फक्त कळू द्या. त्या दिवशी काही चुकलं होतं का? डोळ्यांत पाणी होतं का?’

‘नव्हतं,’ मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘बरं, मॅडम. थँक यू.’ आणि तिनेच फोन ठेवला.

मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत बसले होते. समोर दुसऱ्यांचे डबे, हिरवे झगे खुंटीला. मी तशीच बसून राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा मला दोनदा बोलवायला माणूस आलं.


१ मार्च

ठमे,

हे पत्र तुझ्या नवऱ्याला वाचू देऊ नकोस. तू वाच. नंतर त्याला दे, आईला दे, गिरणीच्या फलकावर लाव. पण आधी तू वाच.

तुला भूल चढते. इतरांइतकीच चढते. तुझ्या मेंदूत काही खोट नाही. त्या दिवशी अकरा मिनिटं तुला औषधच मिळत नव्हतं.

झालं ते असं. भुलीचं औषध यंत्रावरच्या एका भांड्यात असतं, त्यातून ते श्वासात मिसळतं. भांड्यावर एक गोल चकती असते, किती द्यायचं ते ठरवायची. तुझ्या ऑपरेशनच्या मधे मला दिसलं की भांडं तळाला गेलंय. भरायचं तर चकती शून्यावर आणावी लागते. मी आणली, बाटली लावली, भांडं भरलं, झाकण पिळलं. आता चकती परत फिरवायची. तेवढ्यात नर्सबाईंनी दार ढकलून सांगितलं, ‘मॅडम, तुमच्या आई फार घाबरल्यात, दोन शब्द बोलून या ना.’ मी गेले.

चकती शून्यावर राहिली. औषध संपलं की ओरडणारी एक घंटी असते, ती मी सकाळीच बंद केली होती, कारण ती विनाकारण वाजत होती आणि सर्जनना कटकट सहन होत नाही. नर्सबाईंना ‘लक्ष ठेवा’ म्हणाले. कशावर, ते नाही सांगितलं.

बाहेर मी दोन कप चहा प्यायले. आईला धीर देत होते हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आई बाकावरच्या चार अनोळखी बायकांना सांगत होती, ‘ही माझी मोठी, हीच भूल देतेय धाकटीला, हिच्याशिवाय कुणाच्या हाती दिलीच नसती मी.’ त्या माझ्याकडे मान वर करून बघत होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला असं बघत होतं. मी आणखी थोडं बसले.

आणि हट्ट तू धरला नव्हतास, ठमे. तू म्हणाली होतीस, ‘दुसऱ्या कुणाला तरी सांग ना ताई, तुला टेन्शन येईल.’ हट्ट माझा होता. चौदा महिने मी आईलाही उलटंच सांगत आले, आणि हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

अकराव्या मिनिटाला नर्सबाई पुन्हा आल्या. ‘मॅडम, नाडी एकशे चौतीस.’ मी आत आले. एकशे चौतीस. रक्तदाब दोनशेच्या जवळ. कपाळावर घाम. उजव्या डोळ्याची पट्टी पाण्याने सुटलेली, आणि पाणी कानाकडे वाहत होतं. मी शिकवते त्या चारही गोष्टी एका चेहऱ्यावर, आणि चेहरा तुझा. सर्जन न बघता म्हणाले, ‘सगळं ठीक?’ मी म्हणाले, ‘हो, चालू द्या.’ आणि चकती फिरवली.

चकती फिरवल्यावर औषध पोचायला वेळ लागतो. तो वेळ तुझ्या हिशोबात धर, मी तो कधी धरला नाही.

स्नायू सैल करायचं औषध तुला आधीच दिलेलं होतं, म्हणून तुझं बोटही हलत नव्हतं. दुखणं मारायचं औषध सुरुवातीला दिलं होतं, त्याचा जोर ओसरला होता. तेव्हा मी तुला पत्रं दारात पडतात आणि घरात कुणी नसतं असं जे शिकवलं, ते शास्त्र म्हणून खरं आहे. फक्त तुझ्या बाबतीत खोटं आहे. तू घरात होतीस. एकेक पत्र उघडून वाचत होतीस, आणि बाहेरून कडी मी घातली होती.

मग मी तुला आणखी एक इंजेक्शन दिलं, विसरायचं. ते दिल्यानंतरचं माणूस विसरतं. आधीचं विसरत नाही. हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. तरी दिलं, नशिबाच्या भरवशावर. आणि ऑपरेशन संपल्यावर, तू शुद्धीवर येत असताना, टेबलाशी उभी राहून तीन आकडे एका दमात लिहिले: अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर.

नर्सबाई कुठेही गेलेल्या नाहीत. रोज सकाळी मला ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणतात. त्यांनी त्या दिवसाबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही, आणि मी त्याबद्दल त्यांचे आभारही मानू शकत नाही.

आता तुझा प्रश्न. हात कुणाचा होता.

नर्सबाई गॉज देतात तो चौकोनी, सपाट. चार घड्या घालून एक कोपरा आत खोचायचा, म्हणजे ओली बाजू आत राहते आणि रुमाल पुन्हा वापरता येतो, ही आईची पद्धत. आपल्या घराबाहेर तसा रुमाल मी कुणाकडे बघितला नाही. तू गिरणीत हजारो तागे तपासलेस, तूही बघितला नसशील. म्हणजे तुला चौदा महिने माहीत होतं. ऑपरेशननंतर आईच्या घरी मी ‘स्वप्न पडलं असेल गं’ म्हणाले, तेव्हा तू माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होतीस. मला वाटलं, तू माझी नजर चुकवतेयस.

हात माझा होता.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे, आणि ते कुठल्याही चार्टवर येत नाही. पाणी पुसताना मला कळलं होतं. अंदाज नाही, शंका नाही. कळलं होतं. अशा वेळी पापणी उचलून बघायची असते. मी उचलली नाही, कारण तू मला बघितलं असतंस. अशा वेळी कानाशी वाकून सांगायचं असतं, की मी आहे, तू जागी आहेस हे मला माहीत आहे, दोन मिनिटं, आता झोपशील. कान सगळ्यात शेवटी बंद होतात. मी मुलींना हे शिकवते. एवढं वाक्य. त्याने दुखणं कमी झालं नसतं, पण तू तिथे एकटी राहिली नसतीस. मी ओठ उघडले आणि मिटले, कारण सर्जन दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना ऐकू गेलं असतं.

चूक होते, ठमे. चकती कुणाचीही राहते. चुकीबद्दल तू मला केव्हाच माफ केलं असतंस, टाचेतल्या काचेसारखं ‘नाही दुखलं’ म्हणून. पण मी तुझे डोळे पुसले, पट्टी लावली, आणि गप्प बसले. मग आधी तोंडाने आणि आता पत्रांतून तुला सांगत राहिले की तुझ्याच डोक्यात बिघाड आहे. पोटात गाठ घेऊन तू नवऱ्याच्या चपलांत पळालीस ती त्या भुलीपासून नाही, माझ्या सांगण्यापासून.

काल सकाळी माझ्या विद्यार्थिनीला फोन केला. सगळं सांगितलं, शून्यावरच्या चकतीसकट. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ‘म्हणजे नेहमीचंच औषध पुरेल. रक्तदाब सांभाळता येईल.’ आणि मग हलकेच म्हणाली, ‘मला ते लेखी लागेल, मॅडम.’ दिलं. त्याची प्रत सोबत आहे, तुझ्या डॉक्टरांना दाखव. दुसरी आमच्या दवाखान्याच्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि सोमवारपासून थिएटरमध्ये येऊ नका म्हणाले. मी तसंही जाणार नव्हते. पुढे चौकशी होईल, होऊ दे.

सहा तारखेला ती तुझ्या डोक्याशी बसेल आणि उठणार नाही, आई बाहेर कितीही रडली तरी. कपाळाला एक पट्टी लावेल, तू किती खोल आहेस ते दाखवणारी. आणि तू पूर्ण झोपेपर्यंत आणि उठतानाही तुझ्या कानाशी बोलत राहील. हे मी तिला शिकवायला गेले, तर म्हणाली, ‘मॅडम, मी ते नेहमीच करते. तुमच्याकडूनच शिकले.’

मी येणार नाही. बाहेरच्या बाकावरही नाही. आईने मला बोलवलेलं नाही, आणि तू बोलवू नकोस. माफी मागत नाही, कारण ती देण्याचा त्रास तुला द्यायचा माझा अधिकार नाही.

फक्त त्या टेबलावर जा. तुला भूल चढते.

आणि हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं, तर तुझी तू पूस. या वेळी हात तुझे मोकळे आहेत.

ताई